वाटेतला अडथळा

'रोबो' हा शब्द आज पोराटोरांच्या तोंडी आहे. कारेल चापेकने १९२० साली लिहिलेल्या झेक नाटकात तो प्रथम आला. सुचवला त्याच्या भावाने, जोसेफने. ज्या 'रोबोटा' शब्दावरून तो घडवला त्याचा अर्थ वेठ. आपण 'यंत्रमानव' म्हणून मोकळे झालो. कामगारांत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांना वेठच अधिक खरी वाटते; कारण ज्या यंत्राविषयी आज बोलायचे आहे, त्यात मानव औषधालाही नाही.

हे यंत्र म्हणजे ओंजळीत मावणारी एक गाडी. पांढऱ्या कागदावर काळी पट्टी चिकटवायची आणि गाडीने ती धरून चालायचे. पोटाखाली तिला दोन डोळे असतात. प्रत्येकातला दिवा अदृश्य अवरक्त प्रकाश खाली टाकतो आणि परत आलेला प्रकाश शेजारचा ग्राहक मोजतो. पांढरा कागद प्रकाश परतवतो, काळी पट्टी गिळते. पट्टी दोन डोळ्यांच्या मधोमध असली की दोघांनाही पांढरे दिसते, गाडी सरळ जाते. डाव्या डोळ्याखाली काळे आले की गाडी उजवीकडे सरकली असे धरून डावे चाक थांबवायचे. उजव्याचे याच्या उलट. काळे-पांढरे कुठे वेगळे धरायचे तो आकडा मात्र त्या खोलीच्या उजेडात मोजून ठरवावा. सकाळचा आकडा दुपारी खिडकीतून ऊन आले की फुकट जातो.

आता वाटेत लाकडी ठोकळा ठेवू. गाडीच्या तोंडाशी एक कान बसवलेला असतो. तो माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ठोकळा १० सेंटिमीटरांवर असेल तर जाऊन-येऊन २० सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ! एवढी बारीक मोजणी 'आर्डुइनो'सारखी स्वस्त पाटी सहज करते. ही पाटी २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झाली.

नवशिका फसतो तो आज्ञावली लिहिताना. तो लिहितो: ठोकळा दिसला की अर्धा सेकंद उजवीकडे वळून ढकल, मागे ये, अर्धा सेकंद डावीकडे वळ आणि चालू लाग. बॅटरी ताजी असेतो हे जमते. ती उतरली की त्याच अर्ध्या सेकंदात गाडी कमी वळते, चाक घसरले तर आणखी निराळी, आणि पट्टी हरवते. शिवाय 'एवढा वेळ थांब' अशी आज्ञा चालू असता यंत्र ना डोळा वाचते ना कान.

म्हणून गाडीला आपल्या कामाची आठवण द्यावी लागते. पट्टीवर चालणे १, ठोकळा बाजूला नेणे २, पट्टी शोधणे ३, असा आकडा ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत तो आधी पाहायचा. परतताना वेळ न मोजता काळे दिसेपर्यंत वळायचे. यातही मेख आहे. पट्टी सोडताना डोळ्याखाली काळेच असते. तेव्हा आधी दोन्ही डोळे पांढऱ्यावर उतरल्याची खात्री करावी, मग काळे शोधावे. आणि ठोकळा पट्टीपासून पुरेसा लांब टाकावा. नाहीतर परतताना कानाला तोच नवा अडथळा म्हणून सापडतो आणि गाडी दिवसभर त्यालाच इकडून तिकडे करीत बसते. अशी कामे काढणारे मुकादम आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

पण यंत्राच्या हाती आहे तो केवळ एक आकडा, १०. ठोकळा असो, कुणाचे पाऊल असो, रांगते मूल असो, आकडा तोच. हा खेळण्यापुरता प्रश्न नव्हे. अमेरिकेत बॅरेट इलेक्ट्रॉनिक्सने १९५० च्या दशकातच तारेच्या मागाने चालणारी, चालक नसलेली ओढगाडी गोदामात आणली होती. आज कारखान्यांत फिरणाऱ्या अशा गाड्या समोर काही आले की सहसा ते ढकलत नाहीत, थांबतात. कारण समोर माणूस असू शकतो. पुढे-मागे कुणी त्यांना हलवायला शिकवणार असेल, तर काय हलवावे हे त्या फरशीवर राबणाऱ्यांना विचारून ठरावे. पाळी सुटताना डबे घेऊन कोण कुठून वाट ओलांडते, हे कचेरीत बसलेल्याला ठाऊक नसते.

आपल्या छोट्या गाडीलाही एक मुदत घालावी. वळण मोजायला वेळ कुचकामी, पण मुदतीला चालतो. ठोकळ्याला हात घातल्यापासून ठरल्या वेळात पट्टी पुन्हा सापडली नाही, तर दोन्ही चाके बंद, घंटी सुरू, आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय हालचाल नाही. दर फेरीत हा नियम सर्वांआधी वाचला जावा, म्हणून तो सर्वांत वर लिहायचा.