नव्या संगणकात काय टाकू नये

नवा लॅपटॉप घेताना बिल होता होता दुकानदार विचारतो, ‘सगळी सॉफ्टवेअर टाकून देऊ ना?’ आणि बहुतेक गिऱ्हाइकं मान डोलावतात. या ‘सगळी’त काय काय येतं ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत साधारण ठरलेलं आहे: एखादा अँटीव्हायरस, विनरार, पीडीएफसाठी अ‍ॅक्रोबॅट, व्हिडिओसाठी व्हीएलसी, साफसफाईसाठी सीक्लीनर, ड्रायव्हर ताजे ठेवण्याचा दावा करणारं काहीतरी आणि वर क्रॅक केलेलं ऑफिस. ही यादी विंडोज एक्सपीच्या काळातली आहे. २००१ साली आलेल्या एक्सपीला पीडीएफ उघडता येत नव्हती, रार फाइल फोडता येत नव्हती आणि व्हायरस पकडायला तिच्याजवळ काही नव्हतं. तेव्हा ती यादी गरजेतून जन्मली. पुढे विंडोज बदलत गेलं, यादी मात्र वडिलोपार्जित असल्यासारखी चालत राहिली. आज नव्या विंडोज संगणकाबाबत पहिला विचार काय टाकू नये आणि आयतं आलेलं काय काढावं याचा करायला हवा. काय टाकायचं ते त्यानंतर, आणि ते फार थोडं असतं.

आता विंडोजमध्ये मुळात काय आहे ते पाहू. २०१२च्या विंडोज ८पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस आतच असतो. एज ब्राउझर पीडीएफ उघडतो, आणि कुठलाही कागद ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफ करण्याची सोय विंडोज १०पासून आहे. विंडोज ११ला २०२३पासून रार आणि सेव्हन-झेड फाइलीही उघडता येतात. स्क्रीनचं चित्र घेणं, तिचं चित्रीकरण करणं, फोन संगणकाला जोडणं, जुन्या तात्पुरत्या फाइली आपोआप पुसणं, या सगळ्याला आता वेगळं काही लागत नाही. म्हणजे दुकानदाराच्या यादीतला अर्ध्याहून जास्त ऐवज घरातच आहे.

यावर कुणी म्हणेल, असेना का दुहेरी. फुकट आहे, डिस्कवर जागाही भरपूर आहे, बिघडलं काय? पण प्रश्न जागेचा नाही. घराला रंग द्यायला आलेला माणूस काम संपलं की निघून जातो. सॉफ्टवेअर जात नाही, आणि किल्ली त्याच्याजवळच राहते. प्रोग्राम बसवताना ‘या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का?’ असं विंडोज विचारतं तेव्हा आपण ‘यस’ दाबून त्याला जवळपास सगळ्या संगणकाचे अधिकार देतो. पुढे तो स्वतःला अपडेट करतो, मालक बदलला तरी राहतो. म्हणून आजचा प्रोग्राम चांगला आहे एवढ्याने भागत नाही, तो उद्या कुणाच्या हातात असेल याचाही भरवसा लागतो.

सीक्लीनरचंच पाहा. पिरिफॉर्म या ब्रिटिश कंपनीचं हे लोकप्रिय साधन. जुलै २०१७मध्ये कंपनी अवास्टने विकत घेतली. त्यानंतर ऑगस्टमध्ये आलेल्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी आधीच घुसून आपला कोड मिसळला होता. ती आवृत्ती कुठल्या चोरट्या संकेतस्थळावरून नव्हे, अधिकृत ठिकाणावरून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशी वाटली गेली आणि कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली. काळजीपूर्वक वागणारा माणूसही यातून सुटला नसता. सुटला तो फक्त ज्याने सीक्लीनर टाकलंच नव्हतं तो. आणि त्याचं काही अडलंही नव्हतं, कारण रजिस्ट्री ‘साफ’ केल्याने संगणक वेगवान होतो या समजुतीला फारसा आधार नाही. दुसरं उदाहरण खुद्द अवास्टचं. तिच्या फुकट अँटीव्हायरसकडून मिळणारी, लोक कुठली संकेतस्थळं पाहतात याची माहिती जंपशॉट ही उपकंपनी विकत होती. २०२०च्या जानेवारीत हे पत्रकारांनी उघड केल्यावर जंपशॉट बंद करावी लागली, आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. विनरारमध्ये वाईट हेतू कुणाचाच नव्हता, तरी एस या जुन्या प्रकारच्या फाइली उघडणाऱ्या भागातली एक फट सुमारे १९ वर्षं तशीच होती. ती २०१९मध्ये सापडली. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे दुरुस्ती आली तरी ती एकदा टाकून विसरलेल्या संगणकांपर्यंत जात नाही.

आयतं आलेलंही विश्वासाचं असतंच असं नाही. २०१४च्या अखेरीस लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर कारखान्यातूनच सुपरफिश नावाची जाहिराती घुसवणारी प्रणाली आली होती. तिने प्रत्येक यंत्रात स्वतःचं एकाच गुप्त किल्लीचं प्रमाणपत्र बसवलं होतं, त्यामुळे ती किल्ली हाती लागलेल्याला बँकेसारख्या सुरक्षित संकेतस्थळांच्या नावानेही फसवता आलं असतं. म्हणून नवं यंत्र हाती आल्यावर सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मध्ये जाऊन चाचणीपुरता दिलेला अँटीव्हायरस, अनोळखी गेम आणि खरेदीची अ‍ॅप काढून टाकावीत. अर्ध्या तासाचं काम आहे. चाचणीचा अँटीव्हायरस काढला की डिफेंडर आपणहून जागा घेतो.

पण डिफेंडर पुरतो का? घरगुती वापरासाठी, माझ्या मते, पुरतो. जर्मनीतल्या एव्ही-टेस्टसारख्या स्वतंत्र चाचण्यांत तो गेली काही वर्षं वरच्या रांगेत येतो. शंभर संगणकांवर एका जागेवरून लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयाची गोष्ट वेगळी, तिथे विकतच्या व्यवस्थेला अर्थ आहे. घरात मात्र धोका बहुधा आपणच दार उघडल्याने येतो. क्रॅक केलेल्या ऑफिससोबत येणारी पहिली सूचना काय असते? ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’ ज्याने ही सूचना पाळली त्याला जगातला सगळ्यात महाग अँटीव्हायरसही वाचवणार नाही.

याहून वजनदार आक्षेप असा, की हे म्हणजे सगळा भार मायक्रोसॉफ्टवर टाकणं झालं. आणि ती कंपनी तरी कुठे साधी आहे? विंडोज ११ आपल्या खात्यासाठी अडून बसतं, वनड्राइव्ह गळ्यात मारतं, स्टार्ट मेनूत जाहिराती दाखवतं. २०२४च्या मे महिन्यात जाहीर केलेली, स्क्रीनची चित्रं टिपून ठेवणारी ‘रिकॉल’ ही सोय टीका झाल्यावर पुढे ढकलावी लागली. आक्षेप खरा आहे. पण विंडोज वापरायचं ठरवलं तेव्हाच आपण मायक्रोसॉफ्टवर विश्वास टाकला. त्यावर आणखी दहा कंपन्यांवर टाकल्याने पहिला विश्वास कमी होत नाही. ज्याला तोही नको त्याच्यासाठी लिनक्स आहे. बाकीच्यांनी मायक्रोसॉफ्टच्या नको त्या सोयीही काढण्याच्या किंवा बंद करण्याच्या यादीत धराव्यात.

मग टाकायचं काय? मराठी माणसासाठी सर्वांत आधी मराठी कळफलक, आणि तो टाकायचाही नाही, फक्त चालू करायचा. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट मिळतो. शिवाय २०१९पासून ‘मराठी फोनेटिक’ही आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चार लिहिला की देवनागरी उमटते. हे ठाऊक नसल्यामुळे लोक अजून गुगल इनपुट टूल्सची विंडोज आवृत्ती शोधत फिरतात. गुगलने ती वाटणं कधीच थांबवलं. आज ती ज्या भलत्या संकेतस्थळांवर मिळते तिथून काय येईल सांगता येत नाही, आणि आपण टंकलेलं प्रत्येक अक्षर वाचणाऱ्या प्रोग्रामबाबत अशी जोखीम घेणं मला तरी अनाकलनीय वाटतं. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फाँट छापखान्यांना आणि जुन्या पानांचा साठा असलेल्या प्रकाशकांना लागतात, त्यांना इलाज नाही. पण नवा मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फाँटमधलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की चिन्हांची खिचडी दिसते, आणि त्यात शोधही घेता येत नाही. छपाईसाठी सुबक युनिकोड अक्षरं हवी असतील तर मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत आहेत.

ऑफिससाठी लिबरऑफिस. २०१०मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं निघालेलं हे साधन मोफत आहे, मराठीतूनही वापरता येतं. किचकट मांडणीच्या वर्ड फाइली आणि एक्सेलमधले मॅक्रो त्यात कधी कधी विस्कटतात, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याचं पोटच त्यावर आहे त्याने ऑफिस विकत घ्यावं. पासवर्ड सांभाळायला बिटवॉर्डन किंवा कीपास. व्हीएलसी हवं तर घ्यावं. रोजच पासवर्ड लावलेल्या फाइली फोडाव्या लागत असतील तर सेव्हन-झिप. बॅकअपला नवं काही लागत नाही, एक बाहेरची डिस्क आणि विंडोजमधलीच ‘फाइल हिस्टरी’ पुरते.

आणायचं कुठून, हेही काय आणायचं इतकंच महत्त्वाचं. शोधयंत्रावर सर्वांत वर दिसतं ते बऱ्याचदा जाहिरातीचं असतं, आणि नावात एखादंच अक्षर बदललेली बनावट पानं तिथे पैसे देऊन बसतात. २०२२मध्ये व्हीएलसीचं अधिकृत संकेतस्थळ बंदीमुळे भारतात कित्येक महिने उघडत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या काळात हाच प्रोग्राम लोक मिळेल तिथून उतरवत होते. यावर उपाय विंडोजमध्येच आहे: मायक्रोसॉफ्ट स्टोअर, आणि आज्ञा टंकायची तयारी असेल तर २०२१मध्ये पक्कं झालेलं विंगेट, जे उतरवलेली फाइल नोंदीतल्या ठशाशी जुळते का हे तपासूनच बसवतं.

घरात एकच संगणक चौघं वापरत असतील तर आणखी एक गोष्ट करावी. प्रशासकाचं खातं एकाकडे ठेवून बाकीच्यांना साधी खाती द्यावीत. एका वापरकर्त्यापुरते बसणारे काही प्रोग्राम या अडसराला जुमानत नाहीत, पण ज्यांना सगळ्या संगणकात हात घालायचा असतो ते पासवर्ड मागून थांबतात, आणि तो पासवर्ड ज्याला ठाऊक आहे त्याला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत.