रस्ता आधी कोणाचा?

ब्रिटन म्हटलं की आपल्याला लंडनची लाल दुमजली बस आठवते. मुंबईनं १९३७ साली दुमजली बस आपल्या रस्त्यावर आणली, त्यामुळे तिच्याविषयी आपल्याला जरा जिव्हाळाही आहे. तिकडची वाहतूक घड्याळाच्या काट्यावर चालते, माणसं रांगेत उभी राहतात, मोटारी माणसाला पाहून थांबतात, असं आपण ऐकत आलो. त्यात बरंच तथ्य आहे. पण ही शिस्त त्या लोकांच्या रक्तातच आहे असं मानणं चुकीचं ठरेल. एकेका नियमामागे कुणाचा तरी जीव गेलेला आहे, आणि बरंच भांडणही झालेलं आहे.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई मोटारीच्या धडकेनं मरण पावली. बरोबर तिची मुलगी होती. ब्रिटनमध्ये मोटारीनं घेतलेला पायी चालणाऱ्या माणसाचा हा पहिला बळी. अपघाती मृत्यू, असा निर्णय झाला आणि कुणावर खटला भरला गेला नाही. पुढे मोटारी वाढल्या, तसे मृत्यूही वाढले. १९६६ साली त्या देशात रस्त्यांवर जवळजवळ ८००० माणसं मेली. आज वाहनं कितीतरी पटींनी जास्त आहेत, तरी २०२४ मधला हा आकडा १६०० च्या आसपास आहे.

हे कसं साधलं? १९३५ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० मैलांची मर्यादा आली आणि वाहन चालवण्याची परीक्षा सक्तीची झाली. १९६७ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची श्वासतपासणी सुरू झाली. १९८३ मध्ये पुढच्या आसनांवर पट्टा बांधणं सक्तीचं झालं. ‘हा आमच्या स्वातंत्र्यावर घाला आहे,’ अशी ओरड त्या त्या वेळी झालीच. आज त्याच पट्ट्याशिवाय गाडीत बसायला तिथल्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पायी चालणाऱ्यासाठी तर त्यांनी रस्त्यावर एक छोटंसं प्राणिसंग्रहालयच उभं केलं. १९३४ च्या सुमारास पिवळ्या गोळ्यांचे खांब आले. वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या नावानं ते ओळखले जातात. १९५१ मध्ये काळेपांढरे पट्टे आले आणि त्यांना झेब्राचं नाव मिळालं. ते आपणही घेतलं. मग दिव्यांचं पेलिकन आलं, पाठोपाठ पफिन. पायी चालणारा आणि सायकलवाला असे दोघंही जिथून जाऊ शकतात, ते टूकन. नावं गमतीची, पण हेतू गंभीर. लहान पोराच्याही जिभेवर बसेल अशी ती नावं आहेत.

या सगळ्याचं सार २९ जानेवारी २०२२ पासून तिथल्या वाहतूक नियमावलीत स्पष्ट लिहिलं गेलं. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी जास्त. म्हणजे ट्रकवाल्यानं मोटारवाल्याला सांभाळायचं, मोटारवाल्यानं सायकलवाल्याला, आणि सगळ्यांनी मिळून पायी चालणाऱ्याला. वळणावर रस्ता ओलांडायला कुणी उभं असेल, तर वळणाऱ्या गाडीनं थांबायचं. नियम इतका साधा आहे, तरी तो पाळला जातोच असं नाही.

वेगाचं गणित जरा समजून घेऊ. त्याच नियमावलीत दिलेले आकडे आहेत. ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी १२ मीटरमध्ये थांबते. ३० मैलांच्या वेगाला २३ मीटर लागतात. आता कल्पना करा, १५ मीटरवर एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यात आलं. विसाच्या वेगातली गाडी त्याच्या अलीकडे थांबेल. तिसाच्या वेगातली गाडी, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ९ मीटर पुढे गेलेली असेल. फरक फक्त दहा मैलांचा आहे, पण त्यात एक मूल आहे.

म्हणूनच वेल्स प्रांतानं १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २० मैलांची मर्यादा घातली. त्याविरुद्धच्या अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. काही रस्ते पुन्हा तिसावर नेण्याची मुभाही मग द्यावी लागली. दरम्यान अशा रस्त्यांवरची जखमींची संख्या घटल्याचं सरकारी आकड्यांत दिसलं.

इथवर वाचून वाटेल की तिथे सगळं मार्गी लागलं. पण बसचा विषय काढा, की सूर बदलतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लंडन वगळता ब्रिटनमधली बससेवा खुल्या स्पर्धेला सोडण्यात आली. ज्या मार्गावर पैसा, तिथे बसमागे बस. जिथे पैसा नाही, तिथे बस चालवायची तर स्थानिक कौन्सिलनं पदरचे पैसे घालायचे. २०१० नंतर कौन्सिलांच्या तिजोऱ्या आटल्या आणि खेड्यापाड्यांतल्या अनेक बस बंद पडल्या.

माझी एक मावसबहीण लेस्टरकडच्या खेड्यात राहते. निवृत्तीच्या वयाच्या माणसांना इंग्लंडमध्ये बसचा मोफत पास मिळतो. ती मला फोनवर म्हणाली, “भाई, पास पर्समध्ये आहे, पण बसच नाही. दवाखान्यात जायचं तर शेजारणीची गाडी मोकळी हवी.” गावाबाहेरच्या अशा कितीतरी रस्त्यांना पदपथ नाही. दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण आणि मर्यादा ताशी ६० मैल. ब्रिटनमधले निम्म्याहून अधिक रस्तेमृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात.

बस आणि सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ते असे. गावची बस गेली की तरुण पोरगा सतराव्या वर्षी मोटार घेतो, म्हातारी माणसं नजर मंदावली तरी गाडी सोडत नाहीत, आणि ज्याला दोन्ही जमत नाही तो घरात बसतो. मँचेस्टरनं हे ओळखलं. सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात तिथल्या बस पुन्हा लोकनियुक्त यंत्रणेच्या ताब्यात आल्या. मार्ग आणि भाडं ती ठरवते. बस चालवणाऱ्या कंपन्या तिच्या कंत्राटदार झाल्या.

रस्ता किती रुंद आहे, गाड्या किती चकचकीत आहेत, यावरून देशाची वाहतूक जोखू नये. हातात काठी घेतलेली बाई एकटी घरून निघून दवाखान्यात जाऊन सुखरूप परत येते का, एवढंच विचारावं. ब्रिटननं तिला रस्ता ओलांडायला पट्टे दिले, दिवे दिले, कायदा दिला. आता तिच्या गावची बस तिला परत द्यायची आहे.