फोटो काढणाऱ्याचे शिक्षण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे थोरले बंधू, घरात लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणतात, गोठ्याच्या ओल्या फरशीवरून घसरून पडले. उजवे मनगट टम्म सुजले. गावातल्या डॉक्टरांनी हात फळीला बांधून दिला आणि सांगितले, "तालुक्याला जाऊन फोटो काढून आणा. हाड मोडले आहे की नुसते मुरगळले आहे, हे फोटोवाचून कळायचे नाही." दुसऱ्या दिवशी धारांचे काम पुतण्यावर सोपवून आम्ही दोघे पहिल्या एसटीने निघालो. दवाखान्यात केसपेपर काढला, डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि एक्स-रेच्या खोलीपाशी गेलो, तो दाराला कुलूप. शेजारी कागद चिकटवलेला : 'तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी गेले आहेत. उद्या यावे.'

आबांचा पारा चढला. "वीस वर्षं हा माणूस फोटो काढतोय. बटण दाबायला आणखी कसलं शिक्षण? इथं माणसाचा हात मोडलाय आणि हे गेलेत शाळेला!" रांगेतल्या चार जणांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर मलाही तेच वाटले. एक दिवस मोडला, भाडे गेले आणि हात तसाच ठणकत राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तंत्रज्ञ जागेवर होते. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणे आपल्याच मातीतले. आमच्या आधी एक चार वर्षांचे पोर होते. खुब्यात दुखते म्हणून त्याचा बाप आणि आजी त्याला घेऊन आले होते. तंत्रज्ञांनी शिशाचा जड एप्रन उचलला आणि तो पोराला न घालता बापाला घातला. "तुम्ही पोराला धरा. आजी, तुम्ही बाहेर थांबा."

आजी कडाडल्या, "अहो, पोराला उघडं ठेवता आणि बापाला झाकता? मागं आणलं होतं तेव्हा तुम्हीच तर पोराला झाकलं होतं!"

"होय आजी, तेव्हा मीच झाकलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "तेव्हा तसं शिकवलं होतं. आता नवं शिकलोय."

हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. आबांचा फोटो झाल्यावर त्यांनी आम्हांला थोडा वेळ दिला. त्यांनी सांगितले ते, आणि पुढे मी स्वतः माहिती काढून पडताळून पाहिले ते, वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण फोटो काढण्याची पाळी आज ना उद्या प्रत्येक घरावर येते.

पोराचा पट्टा का काढला?

मुलांच्या ओटीपोटापुढे शिशाचा तुकडा ठेवण्याची रीत १९५० नंतरच्या काळात रूढ झाली. हेतू चांगला होता. पुढच्या पिढीला किरणांचा उपद्रव होऊ नये, एवढाच. पण अनुभवाने आणि मोजमापाने तीन गोष्टी ध्यानात आल्या. एक, शरीराच्या आत गेलेले किरण आतल्या आतच इकडेतिकडे विखुरतात, त्यांना बाहेरचा पट्टा अडवू शकत नाही. दोन, पट्टा जरा सरकला तर पाहायचे तेच हाड त्याखाली झाकले जाते आणि फोटो पुन्हा काढावा लागतो, म्हणजे किरण दुप्पट. तीन, पुष्कळशा यंत्रांत किरणांचे प्रमाण आपोआप ठरते. मध्ये शिसे आले की यंत्राला वाटते, किरण कमी पडताहेत, आणि ते आणखी सोडते.

म्हणून अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, रुग्णाला असा पट्टा घालण्याची नेहमीची पद्धत बंद करावी. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी याच अंगाचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. जो माणूस पोराला धरून उभा राहतो, त्याला मात्र एप्रन हवाच. त्याचा फोटो काढायचा नसतो, आणि पोराच्या अंगावरून विखुरणारे किरण त्याच्याकडे येत असतात.

म्हणजे ज्याला आपण निष्काळजी समजलो, तोच अधिक काळजी घेत होता. आपल्याकडे पट्टा घालण्याची सवय पुष्कळ दिवसांची आहे. कोणी घातला म्हणून त्याच्याशी भांडू नये, कोणी घातला नाही म्हणूनही भांडू नये. का, ते मात्र जरूर विचारावे. शिकलेला माणूस कारण सांगतो.

युरियाची गोष्ट

आबांनी विचारले, "पूर्वी फोटो धुवायला लागायचा. आता लगेच पडद्यावर दिसतो. मग काम सोपं झालं की!"

"सोपं झालं, म्हणूनच फसवं झालं," तंत्रज्ञ म्हणाले.

पूर्वी अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुवावी लागे. किरण जास्त पडले की फिल्म काळीठिक्कर होई, कमी पडले की पांढरीफटक. चूक डोळ्यांना दिसे. आता चित्र संगणक सावरून घेतो. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार येते आणि डॉक्टर तक्रार करतात. पण जास्त पडले तर चित्र उलट अधिक स्वच्छ दिसते आणि तक्रार कोणीच करीत नाही. त्यामुळे हात नकळत सैल सुटतो आणि दिवसेंदिवस प्रमाण वाढत जाते.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. युरिया जास्त टाकला की पान हिरवेगार दिसते, शेजारी वाहवा करतो. पुढे पीक लोळते, कीड पडते, तेव्हा हिशेब कळतो. नव्या यंत्रावर किरणांचे प्रमाण दाखवणारा एक आकडा येतो. तो वाचायला आणि त्यावरून स्वतःचा हात आवरायला शिकावे लागते. वीस वर्षांपूर्वीच्या पदविकेच्या पुस्तकातून ते कसे येणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणी घाबरून जरुरीचा फोटोही काढणार नाही. मातीतून, आकाशातून, हवेतून आपल्या सर्वांच्या अंगावर थोडे किरण रोज पडतच असतात. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. छातीच्या एका फोटोचे सुमारे ०.१, म्हणजे दोनेक आठवड्यांत निसर्गतः मिळते तेवढे. हाताच्या फोटोचे तर नगण्यच. पोटाच्या सीटी स्कॅनचे मात्र सुमारे ८, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळाचे. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत हे किरण नसतातच. तेव्हा भिऊ नये, पण 'एकदा सगळं अंग स्कॅन करून टाका' असा आग्रहही धरू नये. पोरांच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण वाढत्या अंगाला किरण अधिक बाधतात.

अज्ञानाची किंमत

क्ष-किरणांचा शोध रोंटगेन या शास्त्रज्ञाने जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लावला. हा दिवस आता जगभर रेडिओग्राफी दिन म्हणून पाळतात. शोध लागताच काही महिन्यांत डॉक्टर या किरणांनी हाडे पाहू लागले. ते अपाय करतात, हे मात्र कोणाला माहीत नव्हते. यंत्र नीट चालते की नाही हे पाहायला ही माणसे आपलाच हात किरणांत धरीत. हात भाजले, बोटे गेली, कर्करोग झाले. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये असाच गेला. या कामात बळी पडलेल्यांचे स्मारक १९३६ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे उभारले आहे. आज जे नियम आहेत ते अशा जळलेल्या हातांनी लिहिले आहेत.

आपल्या देशात अणुऊर्जा नियामक परिषद १९८३ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे. एक्स-रे यंत्र चालवायला तिचा परवाना लागतो. किरणांत काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० यापेक्षा जास्त किरण लागू नयेत, अशी मर्यादा आहे. तंत्रज्ञांच्या छातीवर छोटा बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले ते त्यावरून मोजतात. आमच्या तंत्रज्ञांनी तो एप्रनच्या आत लावला होता. "बाहेर लावला तर कपड्याचं मोजमाप होईल, माझं नाही," ते हसून म्हणाले. रुग्ण उचलून उचलून त्यांची कंबर धरली आहे. उचलण्याची योग्य रीतही या वेळच्या प्रशिक्षणात दाखवली म्हणे. दुसऱ्याच्या अंगाची काळजी घेणाऱ्याने आपल्या अंगाची घ्यावी, हाही शिक्षणाचाच भाग आहे.

हे शिक्षण एकट्या तंत्रज्ञाचे नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला एक तरुण प्राणवायूची टाकी घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला. यंत्राच्या चुंबकाने टाकीसकट त्याला खेचून घेतले आणि तो दगावला. एमआरआयचा चुंबक फोटो काढताना तेवढा चालू असतो असे नाही, तो रात्रंदिवस चालूच असतो. हे तंत्रज्ञाला ठाऊक असून भागत नाही, वॉर्डबॉयपासून दारावरच्या माणसापर्यंत सर्वांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

संगणक वाचतो, पण दाखवतो कोण?

आता फोटो वाचायला संगणकही मदत करू लागला आहे. पंधरा वर्षांवरील माणसांच्या छातीच्या फोटोत क्षयाची शंका शोधण्यासाठी असे संगणक वापरता येतील, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारने क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम काढली, तीत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे गावोगाव फिरली. याला कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयाची पाहणी झाली. तीत सापडलेल्या रुग्णांपैकी शंभरात चाळिसांहून अधिक रुग्ण छातीचा फोटो काढला म्हणूनच सापडले. खोकला-तापावरून त्यांचा पत्ता लागला नसता.

पण संगणकापुढे चित्र ठेवणारा माणूसच असतो. श्वास पुरता भरून घेतला नाही, अंग तिरके राहिले, तर संगणकही चुकतो. बायाबापड्यांची जाड वेणी खांद्यावरून पुढे आली की फुप्फुसाच्या वरच्या टोकावर तिची सावली पडते, आणि क्षयाची सुरुवातही पुष्कळदा तिथेच दिसते! एका वेणीपायी घरात केवढा घोर लागेल, याची कल्पना करा. म्हणून 'केस वर बांधा' म्हणणाऱ्या तंत्रज्ञाचा राग मानू नये. संगणकाने शंका दाखवली तरी बेडका तपासल्याशिवाय निदान पक्के करीत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे.

आपण काय करावे?

ब्रिटनमध्ये रेडिओग्राफरला दर दोन वर्षांनी आपली नोंदणी नवी करावी लागते आणि शिकत राहिल्याची नोंद ठेवावी लागते. नमुन्यादाखल शंभरातल्या अडीच जणांच्या नोंदी तपासायला मागवतात. आपल्याकडे २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला. त्यात किरणचित्रण करणारे तंत्रज्ञही आले. त्यांच्या शिक्षणाची प्रमाणे ठरवणे आणि नोंदवही ठेवणे, ही कामे त्या कायद्याने नेमून दिली आहेत.

पण आबांची तक्रारही खोटी नव्हती. प्रशिक्षणाचा दिवस काही आदल्या रात्री ठरत नाही. आठवडाभर आधी दवाखान्याच्या फळ्यावर लिहावे, आशाताईंकडून गावात निरोप द्यावा, शेजारच्या तालुक्यातला माणूस त्या दिवसापुरता बोलवावा. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीपुढे हे मागणे आपण मांडले पाहिजे. प्रशिक्षण बंद करा, असे मात्र म्हणू नये. न शिकलेल्या माणसाकडून रोज फोटो काढून घेण्यापेक्षा शिकलेल्यासाठी एक दिवस थांबणे केव्हाही स्वस्त पडते. अपघाताची वा जिवावरची वेळ असेल तर थांबण्याचा प्रश्नच नाही, दुसरीकडे पाठवण्याची सोय दवाखान्यानेच केली पाहिजे.

आणि आपल्याकडूनही चार गोष्टी व्हाव्यात. दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल, तरी बाईने ते न लाजता आधी सांगावे. 'पाळी केव्हा आली होती?' हा प्रश्न त्यासाठीच असतो, सासूबाईंनी त्यावर डोळे वटारू नयेत. जुने फोटो जपून ठेवावेत व सोबत न्यावेत, एखादा नवा फोटो वाचतो. मंगळसूत्र, ताईत, सेफ्टी पिना आधीच काढाव्यात. आणि एमआरआय असेल तर अंगात बसवलेली पट्टी, स्क्रू, हृदयाचे यंत्र, एवढेच काय, वेल्डिंग करताना डोळ्यात उडालेला लोखंडाचा कणसुद्धा सांगावा.

आबांचे मनगट मोडलेलेच निघाले. प्लॅस्टर घालून परत येताना एसटीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या माणसानं आजीपुढं सरळ कबूल केलं बघ, तेव्हा तसं करत होतो, आता नवं शिकलोय. पन्नाशीत असं म्हणायला छाती लागते."

माती परीक्षणाच्या बैठकीचे बोलावणे आबांनी दोनदा परत पाठवले होते. तिसऱ्या वेळी ते गळ्यात हात बांधून जाऊन बसले.