मोठी आकृती, लहान कागद

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये दोनच गोष्टी जोरात असतात, चहा आणि प्रिंट. आमच्या ग्रुपने सिम्युलिंकमध्ये सोलर पंपाचं मॉडेल केलं होतं. स्क्रीनवर इकडून तिकडे सरकवत बघताना ते एकदम झकास दिसायचं. 'एका पानात बसवा' म्हणून प्रिंट दिली, तर ए-फोर कागदावर नुसती मुंग्यांची रांग! रूममेट म्हणाला, "अबे, उद्या व्हायवाला भिंग घेऊन जाय." हसलो खरे, पण एक्स्टर्नल सरांनी बोट ठेवून "हा ब्लॉक कोणता?" असं विचारलं असतं तर आमचं आम्हालाच वाचता आलं नसतं. चूक आमचीच होती. पुढच्या बॅचने ती करू नये म्हणून हा लेख.

सिम्युलिंक किंवा 1986 साली आलेलं लॅबव्ह्यू यांत प्रोग्राम ओळींनी लिहीत नाहीत, ठोकळे मांडून तारांनी जोडतात. ओळींचा प्रोग्राम लांबला तर पुढच्या पानावर जातो, काही बिघडत नाही. ठोकळ्यांचा प्रोग्राम मात्र चारी बाजूंना पसरतो.

आता हिशेब बघा. समजा आकृती 8000 बाय 3000 पिक्सेलची आहे. इंचाला 96 पिक्सेल धरले तर ती सुमारे 212 सेंटीमीटर रुंद आणि 79 सेंटीमीटर उंच झाली. आडवा ए-फोर कागद 29.7 सेंटीमीटरचा. म्हणजे आकृती सातपट लहान होणार आणि 10 पॉइंटचं अक्षर दीड पॉइंटच्याही खाली जाणार. ते कोण वाचणार?

मग आपण स्क्रीनशॉट काढतो. पण 1366 बाय 768 च्या लॅपटॉपवर जेमतेम साडेदहा लाख पिक्सेल असतात आणि आकृतीला हवेत 2 कोटी 40 लाख. जे पिक्सेल टिपलेच नाहीत, ते चित्र ताणून परत येत नाहीत. बरं, पूर्ण आकाराचं चित्र 300 डीपीआयला काढावं, तर 25000 बाय 9375 पिक्सेल होतात. प्रत्येकाला 4 बाइट धरले तर सुमारे 94 कोटी बाइट. कॉम्प्युटर हँग झाला तर नवल नाही.

उपाय तीन आहेत.

पहिला, चित्राऐवजी पीडीएफ किंवा एसव्हीजी एक्स्पोर्ट करा. त्यात ठिपके नसतात, 'इथून इथे रेघ, इथे हे अक्षर' अशा सूचना असतात. कितीही मोठं केलं तरी रेघ स्वच्छच राहते. फाइल मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरा, आकृती अनेक पानांवर कापा. सिम्युलिंकमध्ये यासाठी टाइल्ड प्रिंटिंग आहे. ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंटमध्ये 'पोस्टर' हा पर्याय आहे, त्यात पानांच्या कडा थोड्या एकमेकींवर ठेवता येतात. पण एक सेंटीमीटर समास सोडला तर आमच्या उदाहरणाला 8 गुणिले 5, म्हणजे 40 कागद लागतात. भिंतीवर लावायला ठीक, रिपोर्टला नाही.

तिसरा उपाय खरा. शेगावहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या पालखीचा मार्ग एका पानावर काढला तर फक्त मोठी गावं मावतात. मुक्काम दाखवायचे तर जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे नकाशे लागतात. आकृतीचंही तसंच. संबंधित ठोकळे निवडून कंट्रोल आणि जी दाबलं की सिम्युलिंकमध्ये त्यांची एक सबसिस्टिम होते. लॅबव्ह्यूमध्ये हेच काम सबव्हीआय करते. प्रिंट करताना सगळ्या सिस्टिम्स निवडल्या की प्रत्येकीचं वेगळं पान निघतं.

आम्ही त्या रात्री पॅनेल, कन्व्हर्टर, मोटर-पंप आणि कंट्रोलर असे चार भाग केले. तसं करताना कुठेच न जोडलेला एक जुना गेन ब्लॉक सापडला. इतके दिवस तो पसाऱ्यात कुणाला दिसलाच नव्हता! सिम्युलेशन पुन्हा चालवून उत्तर तेच येतं याची खात्री केली आणि पाच पानं काढली. व्हायवात सरांनी पहिलं पान बघून थेट कंट्रोलरचं पान मागितलं. ते आम्हाला लगेच देता आलं, समजावताही आलं.

तेव्हा मंडळी, प्रिंटची वेळ यायच्या आधीच, पहिल्या आठवड्यात एकदा आपली आकृती ए-फोरवर काढून बघा. वाचता आली नाही तर तेव्हाच तिचे भाग पाडा.