शेणात अंडी नाहीत, म्हणजे जनावर मोकळे?

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठाने गुरे-म्हशी चरतात. हिवाळा लागला की एखादी म्हैस वाळत जाते, दूध आटते, जबड्याखाली मऊ सूज लोंबू लागते. बोटाने दाबली तर खळगा तसाच राहतो. यकृतातल्या पर्णकृमीचे, म्हणजे पानासारख्या चपट्या जंताचे, हे लक्षण असू शकते. आपल्याकडे मुख्यतः आढळणारी जात फॅसिओला जायगँटिका. पूर्ण वाढलेला जंत सात सेंटिमीटरपर्यंत भरतो.

सुरुवात शेणापासून होते. बाधित जनावराचे शेण पाण्यात पडले की दोन-तीन आठवड्यांत अंड्यातून डोळ्यांना न दिसणारी अळी बाहेर येते. एका दिवसाच्या आत तिला गोगलगाय गाठावी लागते, नाहीतर ती मरते.

गोगलगाय म्हटली की आपल्याला भाजीच्या मळ्यातली आठवते; ही ती नव्हे. ही संथ पाण्यात राहणारी, पातळ शिंपल्याची लिम्निया. तिच्या अंगात एका अळीच्या शेकडो होतात. मग त्या बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर, धानाच्या ताटांच्या बुडाशी चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करून घेतात.

जनावर ते गवत खाते. पिल्लू जंत आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतात, कित्येक आठवडे ते पोखरत फिरतात आणि शेवटी पित्तनलिकेत स्थिरावतात. अंडी घालायला लागेपर्यंत तीन-चार महिने जातात.

नेमकी इथेच फसगत होते. यकृताची नासधूस चालू असते आणि शेणात मात्र एकही अंडे नसते. सप्टेंबरात तपासणी केली, अहवाल निरंक आला, म्हणून आपण निर्धास्त राहतो. शिवाय अंडी पित्ताबरोबर थांबून थांबून येतात, त्यामुळे एकाच नमुन्यावर भरवसा ठेवू नये.

तपासण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. इतर अनेक जंतांची अंडी मिठाच्या दाट पाण्यात वर तरंगतात. पर्णकृमीची जड असल्याने बुडतात. म्हणून ताजे शेण पाण्यात कालवून चहाच्या गाळणीने गाळतात, पाच मिनिटे निवळू देतात, वरचे पाणी ओततात आणि तळचा गाळ पुन्हा धुतात. त्यात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकला की कचरा निळा होतो आणि अंडी सोनेरी पिवळी उठून दिसतात. नमुना देताना ‘पर्णकृमीसाठी तपासा’ असे आवर्जून सांगा.

आता ‘प्रादुर्भाव वीस टक्के’ म्हणजे काय, ते पाहू. तपासलेल्या शंभर जनावरांपैकी विसांच्या शेणात अंडी दिसली, एवढाच त्याचा अर्थ. खरी बाधित जनावरे त्याहून जास्त असू शकतात. कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पद्धतीने तपासले हे माहीत नसेल, तर दोन गावांचे आकडे शेजारी मांडण्यात हशील नाही.

पोटातल्या पर्णकृमींबाबतही अंड्यांवरून अशीच फसगत होते. मोठे जंत डाळिंबाच्या दाण्यासारखे पहिल्या पोटाला चिकटून बसतात आणि फारसा त्रास देत नाहीत. लहानपणी ते आतड्यात असतात, तेव्हा वासराला पाण्यासारखी, घाण वासाची हगवण लागते. तेव्हाही अंडी नसतात. हगवणीतच बारीक गुलाबी जंत शोधावे लागतात.

औषधातली चूक बहुधा वजनाच्या अंदाजाची असते. डोळ्यांनी अदमास घेऊन कमी मात्रा पाजली की जंत उरतात. छातीचा घेर मोजून वजन काढा. ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः मोठ्या जंतांवर चालते, तर ट्रायक्लाबेंडाझोल लहानांवरही. कोणते, कधी द्यायचे आणि नंतर दूध किती दिवस वापरायचे नाही, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा.

चारा पाण्याच्या पातळीच्या बराच वरून कापा, बुडखा गोठ्यात आणू नका, आणला तर उन्हात कडक वाळवा. पाणी हौदातले पाजा. आणि यंदा धानकापणीनंतर आपल्या गोठ्यातले शेण तपासायला द्या. निकाल निरंक आला तरी महिन्याभराने पुन्हा द्या.