घरीं राहून व्यवस्थापनाची पदवी

बदलापूर आणि वांगणी यांच्यामधलें चामटोली. बदलापुराहून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. नोकरदाराचे दिवसाचे तीनएक तास आगगाडींतच सरतात. त्यानें, किंवा घर सांभाळून नोकरी करणाऱ्या सुनेनें, सायंकाळच्या वर्गास जावें तरी कसें? दिल्लीचें इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालीं निघालें, तें अशांसाठींच. पुस्तकें घरीं वाचावयाचीं, स्वाध्याय लिहून द्यावयाचे, परीक्षा तेवढी केंद्रावर. एम. बी. ए. देखील याच मार्गानें होतां येतें.

मात्र प्रवेशापूर्वीं संस्थेचीच परीक्षा घ्यावी. चार अभिमत विद्यापीठांनीं तंत्रशिक्षण परिषदेच्या संमतीवांचून दूरशिक्षणानें अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें २००१ ते २००५ मध्यें प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या, त्यांच्यावर मिळालेल्या बढत्यांसुद्धां! म्हणून दलालाच्या शब्दावर न जातां विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादींत तें वर्ष व तो अभ्यासक्रम स्वतः पाहावा. यादींतली पदवी नेहमींच्या पदवीच्या बरोबरीची, असें आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे.

राहतो प्रश्न घरचा. मुलाचा अभ्यास चालला कीं घर गप्प बसतें. सूनबाईनें पुस्तक उघडलें कीं सर्वांना चहा आठवतो. सासूबाईंनींच रात्रीचे नऊ ते अकरा तिच्या नांवें लावून द्यावे. या विद्यापीठाच्या परीक्षा जून व डिसेंबरांत असतात. डिसेंबर म्हणजे लग्नसराई. त्या महिन्यांतलीं आमंत्रणें दिरानें सांभाळावीं.