कृष्णधवल निगेटिव्हचे स्कॅनिंग आणि छपाई : काही आवश्यक माहिती



काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या परिसरातील जुन्या मराठी घरांत पत्र्याच्या पेटीत अथवा बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या कृष्णधवल निगेटिव्ह अद्यापही आढळतात. काचीगुडा स्थानकाची इमारत १९१६ सालची. मनमाड-औरंगाबादकडून येणाऱ्या लोहमार्गाने मराठवाड्यातील विद्यार्थी, वकील, व्यापारी निजामाच्या राजधानीत येत आणि याच परिसरात बिऱ्हाड थाटत. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि एकाच घरातील काही मंडळी इकडे तर काही नांदेड-परभणीकडे अशी स्थिती झाली. मुंजीचे, लग्नाचे फोटो वाटले गेले, फाटले, हरवले. निगेटिव्ह मात्र कित्येक घरांत इथेच राहिल्या. त्या स्कॅन करून घ्याव्यात, अशी इच्छा अनेकांच्या मनात असते. तथापि रंगीत फिल्मसाठी योग्य असलेली पद्धत कृष्णधवल फिल्मला जशीच्या तशी लावली, तर लाभाऐवजी हानी होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम फिल्म कोणती, हे पाहावे. १९५० च्या सुमारापूर्वीची काही फिल्म नायट्रेटच्या पायावर बनलेली असे. ती अत्यंत ज्वालाग्राही असते. अशी फिल्म पिवळी वा चिकट झालेली दिसल्यास ती स्कॅनरवर ठेवू नये, जाणकारांनाच दाखवावी. त्यानंतरच्या फिल्मच्या कडेवर बहुधा ‘सेफ्टी’ असा इंग्रजी शब्द छापलेला असतो. ही अॅसिटेटची फिल्म पेटत नाही, परंतु उष्णता आणि दमटपणा यांमुळे आतून कुजते. डबा उघडताच सिरक्यासारखा आंबूस वास आला तर कुजण्याची क्रिया सुरू झाली असे निश्चित समजावे. ती थांबवता येत नाही, केवळ मंदावता येते. वास येणाऱ्या निगेटिव्ह इतरांपासून वेगळ्या कराव्यात आणि स्कॅनिंगमध्ये त्यांना पहिला क्रमांक द्यावा. कारण पुढे फिल्म आक्रसते, वरचा थर सुरकुततो आणि मग चित्र हाती लागत नाही.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. निजामाच्या दरबारचे ख्यातनाम छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या. शंभर वर्षांपूर्वीची काच टिकली. आणि आपल्या आजोबांच्या काळातील फिल्म मात्र साठ वर्षांतच वाकडी होऊ लागते. काच फुटते, पण कुजत नाही.

आता मुख्य मुद्दा. कृष्णधवल निगेटिव्हमधील चित्र हे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे असते. रंगीत फिल्ममध्ये धुलाईनंतर चांदी काढून टाकली जाते आणि केवळ रंगद्रव्ये उरतात. अनेक स्कॅनरांत धूळ व ओरखडे आपोआप काढण्याची सोय असते. ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगद्रव्यांतून हे किरण आरपार जातात, धुळीच्या कणावर अडतात. जेथे ते अडले तेथे धूळ आहे असे मानून यंत्र ती जागा शेजारच्या छटेने भरते. परंतु चांदीही इन्फ्रारेड किरणांना अडवते. त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजते. निगेटिव्हमध्ये चांदी सर्वाधिक कोठे असते? फोटोत जे पांढरे दिसणार तेथे : धोतर, टोपी, पिकलेले केस, कपाळावरील उजेड. नेमके हेच भाग पुसट, मेणासारखे होतात. आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या गेल्या म्हणून कोणी आनंदित होईलही, पण ती आजी राहत नाही. म्हणून ही सोय बंद ठेवण्यास आवर्जून सांगावे. रंगीत रसायनांत धुतल्या जाणाऱ्या इलफोर्ड एक्सपी-२ सारख्या मोजक्या कृष्णधवल फिल्म याला अपवाद आहेत. जुन्या डब्यात त्या सापडणे दुर्मीळच.

मग धूळ काढायची कशी? रबरी फुग्याने हवा मारून आणि अगदी मऊ कुंचल्याने, स्कॅन करण्यापूर्वीच. निगेटिव्ह कडेला धरावी. सुती हातमोजे असावेत. तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचे कण बसतात. बुरशी दिसल्यास पाण्याने मुळीच धुऊ नये, कारण बुरशीने खाल्लेला जिलेटिनचा थर पाण्यात सुटून येतो. उरलेले ठिपके संगणकावर एकेक करून हाताने काढावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे, आणि म्हणूनच सर्व निगेटिव्ह साध्या रीतीने स्कॅन करून त्यांतील निवडक पंधरा-वीस चित्रांवरच असे श्रम घ्यावेत, असे आमचे मत आहे.

आकाराचा हिशेब सोपा आहे. बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो निघत. त्या निगेटिव्हची प्रत्यक्ष बाजू सुमारे ५६ मिलिमीटर भरते. ती २,४०० डीपीआयने स्कॅन केली तर प्रत्येक बाजूस सुमारे ५,३०० बिंदू मिळतात; छपाईस इंचाला ३०० बिंदू धरल्यास सतरा इंचांहून मोठा फोटो निघू शकतो. ३५ मिलिमीटर फिल्मची लांब बाजू ३६ मिलिमीटर असल्याने त्याच प्रमाणात अकरा इंचांपर्यंतच जाता येते. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर ६,४०० असा आकडा छापलेला असला, तरी बहुतेकांत खरे बारकावे त्याच्या निम्म्यानेही उतरत नाहीत. आकड्याला भुलू नये. आजकाल चांगला कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि पांढऱ्या प्रकाशाची पेटी वापरूनही निगेटिव्हचे उत्तम चित्रण करता येते.

स्कॅन १६ बिटच्या ग्रे छटेत, टिफ स्वरूपात मागावा. ८ बिटमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या २५६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. चेहरा उजळ करताना २५६ पायऱ्या ताणल्या की गालावर पट्टे उमटतात. वर सांगितलेल्या चौकोनी निगेटिव्हची अशी फाइल सुमारे ५६ मेगाबाइटची होते. दुकानदार कुरकुर करील, तरी जेपेग स्वीकारू नये.

छपाईत एक अडचण हमखास येते. बहुतेक लॅबमध्ये कृष्णधवल फोटोही रंगीत कागदावरच निघतो. तेथे करडा रंग तीन रंगद्रव्यांच्या मिश्रणातून साधतात. प्रमाण किंचित चुकले की फोटोला हिरवट वा जांभळट झाक येते. त्यासाठी आधी छोटा नमुना काढून घ्यावा, आणि तो ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसा खिडकीपाशी पाहावा. यंत्रातील आपोआप दुरुस्तीही बंद ठेवण्यास सांगावे. एक-दोन फोटो भिंतीवर लावायचे असतील तर काळ्यासोबत दोन-तीन करड्या शाई असलेल्या पिगमेंट इंकजेट यंत्रावर, सुती कागदावर छापून घ्यावेत. खर्च अधिक येतो. पण झाक येण्याची भीती कमी, आणि टिकाऊपणा निश्चितच जास्त.

स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकून देण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. मूळ वस्तू तीच आहे. हार्ड डिस्क बंद पडते, तेव्हा पुन्हा तिच्याकडेच यावे लागते. साध्या मऊ प्लॅस्टिकच्या जुन्या पिशव्या काढून प्रत्येक पट्टी आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावी, आणि पाकीट माळ्यावर न ठेवता घरातील आतल्या भिंतीच्या कपाटात उभे ठेवावे. पाकिटावर पेन्सिलने नावे लिहावीत, तीही निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी. नावे आठवत नसतील तर स्कॅनची एक प्रत मराठवाड्यातील नातलगांकडे पाठवावी. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, हे सांगू शकणारी आत्या वा काकू अद्याप एखाद्या घरी असते. फोटो छापून होईपर्यंत थांबू नये, तिला आधी विचारावे.